विविधभारतीची जाहिरात सेवा नागपूरहून सुरू झाली, पण विदर्भाच्या खेड्यात काय पोचलं?

धुऱ्यावरचा (धागाकर्ता):

१ नोव्हेंबर १९६७ या तारखेबद्दल आपल्याकडे कोणी बोलताना दिसत नाही, म्हणून हा धागा काढतोय. त्या दिवसापासून आकाशवाणीवर पैसे घेऊन जाहिराती वाजायला लागल्या. सरकारी रेडिओवर व्यापाऱ्याचा आवाज नको, हे धोरण स्वातंत्र्यापासून चालत आलं होतं. अशोक चंदा समितीनं १९६६ च्या अहवालात जाहिराती घ्याव्यात अशी शिफारस केली आणि प्रयोगासाठी विविधभारतीची तीन केंद्रं निवडली गेली: मुंबई, पुणे आणि नागपूर. दिल्ली, कलकत्ता, मद्रास यांचा नंबर त्यानंतर लागला. देशातल्या पहिल्या तीन जाहिरात केंद्रांमध्ये आपलं नागपूर होतं, हे मला फार मोठं वाटतं.

तसंही रेडिओच्या बाबतीत नागपूर मागे नव्हतंच. नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं, पुण्याच्या पाच वर्षं आधी. तेव्हा नागपूर मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी होतं, त्यामुळे केंद्र पहिल्यापासून मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत बोललं. १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्रात. केंद्रानं ही सगळी स्थित्यंतरं पाहिली. त्याच्या कार्यक्रमांत हिंदी-मराठीचा जो मेळ राहिला त्याचं मूळ तिथे आहे.

विविधभारती कशी जन्मली हे बहुतेकांना माहीत आहे, तरी नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना, १९५२ नंतर, आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी सरळ सुई फिरवून रेडिओ सिलोन हे श्रीलंकेचं स्टेशन लावलं. पाच वर्षांत सरकारला ते उमगलं आणि ३ ऑक्टोबर १९५७ ला विविधभारती सुरू झाली. पंडित नरेंद्र शर्मांनी तिची घडी बसवली. आणखी दहा वर्षांनी जाहिराती आल्या.

आता माझा खरा प्रश्न. मी आर्वी तालुक्यातला, नागपूरपासून फार लांब नाही. तरी गावातल्या जुन्या लोकांशी बोललो तेव्हा नागपूरच्या विविधभारतीवर इतवारी-सीताबर्डीच्या दुकानांच्या जाहिराती ऐकल्याचं कोणी सांगेना. विविधभारती मात्र सगळ्यांनी ऐकलेली. जाहिराती सगळ्यांना पाठ, त्याही दंतमंजनाच्या, डोकेदुखीच्या गोळीच्या, शर्टिंग-सूटिंगच्या. मला वाटतं, जाहिरातीचा रेडिओ आपल्या खेड्यात दुरून आला. जवळच्या जाहिरात केंद्रानं खेड्याकडे पाहिलंच नाही, आणि आजही पाहत नाही.

तुमच्या गावात काय ऐकू यायचं? कोणतं स्टेशन, कोणत्या वेळी, कोणाच्या घरी? जरा सविस्तर लिहा. ही माहिती कागदावर कुठेच नाही आणि सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत.

शॉर्टवेव्ह:

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी पुसदचा, रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तांत्रिक बाजू सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे.

नागपूर केंद्राच्या मुख्य वाहिनीची जागा ५८५ किलोहर्ट्झ, म्हणजे ५१२.८ मीटर. मध्यम लहरींत जितकी कमी फ्रीक्वेन्सी तितकी लहर जमिनीला धरून लांब जाते, आणि मागे ताकदीचा ट्रान्समीटर असला की भर दुपारीही पुसदला खणखणीत आवाज. शेतकऱ्यांचा कार्यक्रम, हवामान, बाजारभाव, बातम्या, भजनं सगळं त्यावर. जाहिरात सेवेचं तसं नव्हतं. विविधभारतीची जाहिरात केंद्रं वेगळ्या, कमी ताकदीच्या ट्रान्समीटरवर चालत. हिशोब शहरापुरता होता. नागपूर शहर आणि आजूबाजूचा थोडा पट्टा, एवढीच त्याची झेप.

मग आम्ही विविधभारती कशी ऐकली? मुंबईच्या लघुलहरींवरून. लघुलहर आभाळाकडे जाते, वरच्या आयनांच्या थरावर आपटून शेकडो कोसांवर उतरते. मध्ये डोंगर असो, जंगल असो, तिला फरक पडत नाही. पण मुंबईहून येणाऱ्या त्या लहरीवर नागपूरच्या कापड दुकानाची जाहिरात कशी असेल?

आणि सिलोन! नकाशा काढा आणि नागपूरवरून सरळ दक्षिणेला रेघ ओढा, कोलंबोच्या जवळून जाते. अंतर दीड हजार किलोमीटरच्या आसपास. लघुलहरीच्या एका उडीसाठी हे अंतर फार सोयीचं. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्याच्या रेडिओसाठी उभारलेली यंत्रणा सिलोनच्या वाट्याला आली होती. ३ डिसेंबर १९५२ ला बिनाका गीतमाला, म्हणजे बिनाका टूथपेस्टनं प्रायोजित केलेला हिंदी गाण्यांचा कार्यक्रम, सिलोनवर सुरू झाली, ती मुंबईत रेकॉर्ड व्हायची. टेप विमानानं कोलंबोला, तिथून आभाळात आणि मग आमच्या ओसरीवर. मुंबईतल्या टूथपेस्टच्या कंपनीला पुसदच्या माणसापर्यंत पोचायला परदेशातून यावं लागलं. हे पैसे बाहेर जात आहेत हे दिसल्यावरच सरकार जाहिरातींना तयार झालं.

२५, ३१ आणि ४१ मीटर हे बँड आमच्या भागातल्या निरक्षर माणसालाही सुईच्या जागेवरून कळत. सकाळी सिलोनच्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात शेवटचं गाणं सैगलचं. ते लागलं की आठ वाजत आले. घड्याळ नसलेल्या घरांत त्यावर शाळेची तयारी होत असे.

दुकानात येणारी गिऱ्हाइकं एरियलसाठी तार मागत. जळालेल्या मोटारीचं वाइंडिंग उलगडून मी तांब्याची तार देत असे. ती कडुनिंबाच्या शेंड्याला बांधायची, दुसरं टोक रेडिओच्या दांडीला. आवाज येतो-जातो, फुगतो-विरतो, तो दोष रेडिओचा नव्हता, आभाळातला थर हलत असतो. पण लोक सेट घेऊन यायचे, त्यांना समजावून परत पाठवावं लागे. सेल उतरले की उन्हात वाळत घालायचे, त्यावर आणखी एक-दोन दिवस निघत.

सरकीवाली:

राजेहो, मी दर्यापूरकडली. आमच्या घरी रेडिओ आजोबाचा होता पन त्याच्यावर राज्य मायचं. कापूस येचाले गेली का ट्रान्झिस्टर संग. बाभयीच्या फांदीले पट्ट्यानं टांगे. बाया पात धरून पुढं सरकल्या का कोनीतरी उचलून पुढच्या झाडाले टांगे. असा दिवसभर तो रेडिओ धुऱ्याधुऱ्यानं चाले. चामड्याच्या कव्हरले बारीक बारीक भोकं होते, त्याच्यात कापसाचे तंतू अटकून बसत. संध्याकायी माय सुईनं काढे.

दुपारी फर्माइशीचे गाने लागत. कार्ड लिहाचं काम माह्याकडं. पंधरा पैशाच्या कार्डावर गान्याचं नाव एक अन् मानसाईचे नावं पुरं घर. मायचं, मावशीचं, शेजारच्या दोन पोरींचं, पाळण्यातल्या भावाचं बी. सगळ्या देशानं फर्माइशीत झुमरीतलैया गावाचं नाव ऐकलं, आमचंबी एक डाव आलं! मुंबईतला मानूस "दर्यापुर, ज़िला अमरावती" म्हने अन् अख्खं वावर थांबलं. बाया येचा सोडून उभ्या. मायनं त्या दिवशी साऱ्याईले गुळाचा चहा पाजला.

भाऊ, तुम्ही जाहिरातीचं इचारता, पन आमाले त्या फर्माइशीत आमचं गाव आलं हेच मोठं होतं. नागपूरच्या स्टेशनवर आमचं नाव याचं कारनच नोतं, ते लागतच नोतं.

धुऱ्यावरचा:

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून फार आनंद झाला. कापसाच्या तंतूंची गोष्ट मला कोणत्याही पुस्तकात सापडली नसती. मुंबईच्या माणसानं आपल्या तालुक्याचं नाव उच्चारलं याचं इतकं मोल वाटलं, कारण शेजारचं नागपूर ते उच्चारत नव्हतं. मला हेच म्हणायचं आहे.

शॉर्टवेव्ह काका, शहरापुरत्या ट्रान्समीटरचा मुद्दा नेमका आहे. धन्यवाद.

स्पूलटेप:

विदर्भातल्या एका केंद्रावर काही वर्षं नैमित्तिक उद्घोषक होतो. विविधभारतीचं काम जवळून पाहिलं आहे, म्हणून आतली बाजू लिहितो.

उपग्रहाची सोय होण्याआधी मुंबईहून कार्यक्रम स्पूलवर, म्हणजे टेपच्या रिळांवर येत. सकाळी संकेतधून, तीच वॉल्टर कॉफमनची, मग भक्तिगीतं, भूले बिसरे गीत, संगीत सरिता. आठच्या पुढे चित्रलोक, नव्या सिनेमांच्या गाण्यांचा आणि जाहिरातींचा भर तिथे. दुपारी मन चाहे गीत, संध्याकाळी सातनंतर फौजी भाइयांसाठी जयमाला, आठच्या सुमारास हवामहल, रात्री दहाला छायागीत आणि शेवटी आपकी फरमाइश. ढाचा हा देशभर सारखा. मध्ये मध्ये स्थानिक केंद्राला स्वतःची जागा, तिथे मराठी गाणी आणि स्थानिक जाहिराती. जयमालाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडे कामठीला लष्कराच्या गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र, पुलगावला दारूगोळ्याचा डेपो, आणि गावागावांतून भरती झालेली पोरं. ज्या घरचा मुलगा सीमेवर होता त्या घरात सातला दुसरं काही लागत नसे.

आता जाहिरात कशी वाजते ते. टेप बहुतेक वेळा सेकंदाला साडेसात इंच या गतीनं पळायची. म्हणजे दहा सेकंदांची जाहिरात ही सव्वासहा फूट टेप. संपादन करताना हातानं दोन्ही रिळं मागेपुढे हलवून शब्दाची सुरुवात कानानं पकडायची, तिथे टेपच्या पाठीवर पिवळ्या पेन्सिलीनं खूण करायची, खाचेत बसवून ब्लेडनं तिरका काप द्यायचा आणि चिकटपट्टीनं जोडायचं. काप सरळ दिला तर जोडावर टक् असा आवाज येतो, तिरका दिला की येत नाही. शेजारी लॉगबुक: कोणती जाहिरात, किती वाजून किती मिनिटांनी, किती सेकंद. एक चुकली तर पैसे बुडाले, वरून चौकशी. गाणं कमी-जास्त झालं तर चालायचं, जाहिरात नाही.

आणि एक महत्त्वाचं, जे फार थोड्यांना माहीत आहे. आकाशवाणीच्या जाहिरातींना आचारसंहिता होती आणि आहे. सिगारेट-तंबाखू नाही, दारू नाही. सावकार आणि चिटफंड नाही. ज्योतिषी, भविष्य सांगणारे नाहीत. सरकारी नसलेल्या लॉटऱ्या नाहीत. विवाह जुळवणारे नाहीत. जरा विचार करा, आमच्या तालुक्याच्या बाजारात सगळ्यात मोठ्यानं ओरडणारे कोण होते? सावकार, बाबा आणि तंबाखूवाले. त्यांना या संहितेनं दाराबाहेर ठेवलं. विडीच्या जाहिराती भिंतीवर रंगल्या, कर्ण्यावर वाजल्या, सरकारी रेडिओवर आल्या नाहीत. माझ्या मते जाहिरात सेवेचं हे सगळ्यात मोठं काम.

धागाकर्त्यांच्या मुद्द्याला मात्र सहमती. प्रायोजित कार्यक्रम मुंबईत बनत: इन्स्पेक्टर ईगल, सॅरिडॉन के साथी, एस. कुमार्स का फिल्मी मुकदमा. कार्यक्रम उत्तम, अमीन सायानींसारखा आवाज. पण माल मुंबईचा, भाषा हिंदी, गिऱ्हाईक शहरातलं. स्थानिक दुकानदार यायचा तो शहरातलाच. तालुक्याच्या दुकानदाराला नागपूरला जाहिरात देऊन काय मिळणार होतं, त्याच्या गावात केंद्र ऐकूच येत नव्हतं.

संत्राबाग (वरुड):

धागा चांगला आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही.

जाहिरातीचा रेडिओ म्हणजे धंदा. धंदा जिथे पैसा तिथे जातो. १९६७ साली आमच्या वरुड-मोर्शीत विकत घ्यायला लोकांच्या हातात होतं काय? संत्र्याचे पैसे वर्षातून एकदा, कापसाचे एकदा. साबण, चहा आणि बॅटरीचे सेल सोडले तर रेडिओवर जाहिरात करावी असं आम्ही विकत तरी काय घेत होतो? त्या काळी रेडिओ वापरायलाही पोस्टात पैसे भरून लायसन्स काढावं लागे. अशा गावाकडे जाहिरातवाला का पाहील?

आणि खेड्याकडे पाहायचं काम आकाशवाणीच्या मुख्य वाहिनीचं होतं. ते ५८५ नं केलं. माझ्या वडिलांनी संत्र्यावरच्या डिंक्या रोगाची फवारणी रेडिओवर ऐकून केली. अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ ला निघालं, तिथले प्राध्यापक रेडिओवर बोलायचे आणि वडील वहीत उतरवून घ्यायचे. त्या वह्या अजून घरी आहेत. हे काम जाहिरात केंद्रानं केलं नाही म्हणून त्याला दोष देणं मला पटत नाही. दोन वेगळ्या वाहिन्या होत्या, दोघांची कामं वेगळी होती.

धुऱ्यावरचा:

संत्राबाग भाऊ, मुद्दा तोलाचा आहे, म्हणून नीट उत्तर देतो. आणि आधी विनंती: त्या वह्यांची पानं फोनवर टिपून ठेवा, आजच.

१९६७ पुरतं तुमचं खरं. पण तीन वर्षांतच चित्र बदललं. १९७० ला एच-४ हे संकरित कपाशीचं वाण आलं. तोवर सरकी घरची होती. संकरित बियाणं घरी राखून चालत नाही, दरवर्षी विकत आणावं लागतं. त्यामागे खत आलं, औषध आलं, फवारणीचा पंप आला. खेडं तेव्हापासून पक्कं गिऱ्हाईक झालं, तेही उधारीवर घेणारं. २००२ ला बीटी कपाशीला परवानगी मिळाल्यावर तर जूनमधला एकेक तालुका म्हणजे मोठी बाजारपेठ. कंपन्यांना हे बरोबर कळलं. त्यांनी जीपवर कर्णे बांधले, भिंती रंगवल्या, कृषी केंद्रांत पोस्टर लावली. पैसा होता, जाहिरात होती, गिऱ्हाईक होतं. मधला रेडिओ तेवढा नव्हता.

आता स्पूलटेप यांनी सांगितलेल्या आचारसंहितेशी हे जोडून पाहा. कर्ण्यावरून ओरडणाऱ्या जीपला कोणती संहिता? कोणी लॉगबुक लिहिलं, कोणी चौकशी केली? रेडिओवरची जाहिरात तपासली जाते, नोंदवली जाते, तिच्यापुढे-मागे दुसरा आवाज असतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन किमान वीस माणसं गेली. त्यातले कितीतरी मजूर होते. औषधाच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचणारे ते नव्हते. तोंडाला काय बांधायचं, वारा कुठला असताना फवारायचं, दोन औषधं मिसळायची नाहीत, कपाशी डोक्याच्या वर गेली असेल तर पंप कसा धरायचा, हे त्यांच्या बोलीत दिवसातून दहा वेळा सांगणारा आवाज शेतात असायला हवा होता. विकणारा आवाज गावात पोचतो तर सावध करणाराही तेवढ्याच वेळा पोचला पाहिजे, एवढं मी म्हणतोय. मुख्य वाहिनी दिवसातून अर्धा-पाऊण तास शेतीला देते, तिचं ऋण आहेच.

भामरागडवाट:

आमच्या गडचिरोलीच्या टोकाकडून लिहितो. इथे ना नागपूरचं जाहिरात केंद्र आलं, ना नंतरचं एफएम. एफएमची लहर नजरेच्या टप्प्यात चालते, डोंगर-जंगल आलं की संपली.

रात्रीची मध्यम लहर मात्र आमची. सूर्य मावळला की लांबची स्टेशनं आपोआप जवळ येतात. हैदराबाद, रायपूर, जगदलपूर. जगदलपूरवरून हलबी-गोंडी गाणी लागायची, ती आमच्या माडिया लोकांना नागपूरपेक्षा आपली वाटायची. इथे घरात माडिया, बाजारात तेलुगू-मराठी, शाळेत मराठी. रेडिओ फिरवताना एकाच रात्री सगळ्या भाषा ऐकू येत. १९८८ पासून आकाशवाणीचं नॅशनल चॅनलही आलं, नागपूरचंच, १५६६ किलोहर्ट्झवर, बुटीबोरीच्या मोठ्या ट्रान्समीटरवरून. एक हजार किलोवॅट! मोहफुलाच्या दिवसांत रात्री जंगलात थांबणारे आणि धानाची राखण करणारे ते रात्रभर लावून ठेवत. माणसाचा आवाज सोबतीला राहिला तरी पुरे होतं.

तेव्हा नागपूरहून आवाज पोचवता येत नव्हता असं नाही. ताकद होती. ती देशाला ऐकवायला वापरली.

एफएमडेस्क:

मी नागपूरच्या एका खाजगी एफएममध्ये जाहिरात विभागात काम केलं आहे (नाव लिहीत नाही). आजचं चित्र सांगते.

खाजगी एफएम देशात २००१ ला आलं, आपल्याकडे दुसऱ्या टप्प्यात, २००५ नंतरच्या लिलावात. मुख्य गोष्ट ही, की लिलाव शहराचा होतो. कंपनी बोली लावते ती नागपूर शहरासाठी. आवाज साठ-सत्तर किलोमीटर जातो, काटोल, उमरेड, रामटेकला ऐकू येतो, पण आमच्या तक्त्यात ते गिऱ्हाईक मोजलंच जात नव्हतं. सकाळचा कार्यक्रम ऑफिसला जाणाऱ्यांसाठी, संध्याकाळचा ट्रॅफिकसाठी. निवेदनाची भाषा हिंदी, मध्ये एखादी वैदर्भी लकब हशा पिकवण्यापुरती. मला ते खटकायचं. शेतकऱ्याची बोली नक्कल करायला घ्यायची आणि शेतकऱ्याला मात्र काही सांगायचं नाही, हे बरोबर नाही.

उमरेडकडच्या एका बियाणे विक्रेत्याला जाहिरात करायची होती. त्याला मी दर सांगितला तर म्हणाला, "ताई, यात नागपूरच्या चाळीस बंगल्यांना ऐकू जाईल, त्यांच्याकडं वावर आहे का?" त्याचं म्हणणं रास्त होतं.

लोक म्हणतात खाजगी एफएमला बातम्यांची बंदी आहे म्हणून उपयोग नाही. बंदी आहे, २०११ च्या धोरणानं आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा पुन्हा ऐकवायची मुभा दिली, स्वतःच्या बातम्या नाहीत. पण त्याच धोरणात हवामान, परीक्षांचे निकाल, वीज-पाण्याची सूचना, स्थानिक सण-कार्यक्रम, नैसर्गिक आपत्ती ही माहिती बातमी धरली जात नाही. ती द्यायला पूर्ण मोकळीक आहे. रात्री कृषिपंपाची लाइन किती वाजता येणार, हे रोज सांगता येईल. शेतकरी त्याच्यासाठी रात्रभर जागतो. सांगत कोणी नाही, कारण त्याला प्रायोजक मिळत नाही असं आधीच ठरवून टाकलेलं असतं. कोणी मागून पाहिलेलं नाही.

या धाग्यावर एक गोष्ट यायलाच हवी. २८ ऑगस्ट २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं २३४ नव्या शहरांत ७३० खाजगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. त्या यादीत विदर्भातली चंद्रपूर, यवतमाळ, वर्धा, गोंदिया आणि अचलपूर ही गावं आहेत. मातृभाषेतला स्थानिक मजकूर हे त्यामागचं एक कारण म्हणून सांगितलं गेलं आहे.

सरकीवाली:

अचलपूर! बाई, अचलपूर म्हनजे आमच्यापासून जवळच. तिथून लागन तं दर्यापूरले ऐकू यील का? कोनी सांगा.

शॉर्टवेव्ह:

ताई, मधला प्रदेश सपाट आहे, पूर्णेचं खोरं, डोंगर आडवा नाही. टॉवर किती उंच आणि ट्रान्समीटर किती ताकदीचा यावर आहे सगळं, पण बाहेर एरियल लावलं तर यायला हरकत नाही. चिखलदऱ्याकडच्या गावांना मात्र पायथ्याशी असूनही अडचण जाईल, डोंगराची सावली पडते. फोनवर ऐकणार असाल तर हेडफोनची वायर लावल्याशिवाय एफएम लागत नाही, तीच वायर एरियलचं काम करते. काही फोनांत एफएम बंद करून ठेवलेलं असतं. ते चालू ठेवा असं सरकारनं २०२३ मध्ये कंपन्यांना कळवलं आहे. फोन घेताना दुकानातच तपासून घ्या.

संत्राबाग (वरुड):

एफएमडेस्क ताईंचा प्रतिसाद वाचून माझा विरोध निम्मा गळाला. लिलाव शहराचा होतो ही गोष्ट मी धरली नव्हती. धंदा आपला धंदा करणारच, या मतावर मी अजून आहे. पण अचलपूरला लायसन्स घेणाऱ्याचं शहर केवढं? त्याला भोवतालच्या अंजनगाव, चांदूर बाजार, दर्यापूरशिवाय गिऱ्हाईक कुठून मिळणार? तिथे खेड्याकडे पाहिल्याशिवाय त्याचा गल्ला भरणार नाही. नागपूरला जे झालं ते तिथे होईलच असं नाही. वह्यांचे फोटो काढतोय, इथे टाकतो.

धुऱ्यावरचा:

हे फार आवडलं, भाऊ. वर्धा आणि यवतमाळलाही तुमचंच गणित लागू पडेल.

मग दोन कामं आहेत, दोन्हीत मदत हवी. पहिलं, जुन्या आठवणी. प्रत्येकानं आपल्या गावातल्या एका वयस्क माणसाला तीन गोष्टी विचाराव्यात: कोणतं स्टेशन कोणत्या मीटरवर लागायचं, रेडिओ कोणाच्या घरी किंवा कोणत्या पानठेल्यावर होता, आणि आठवणारी एक तरी जाहिरात. गावाचं आणि तालुक्याचं नाव लिहा, सांगणाऱ्याचं नाव नको. माझ्या गावचं मी उद्या टाकतो.

दुसरं, वर्ध्याचं लायसन्स कोणी घेतलं की त्यांच्याकडे न्यायची मागण्यांची यादी. सुरुवात करतो: कृषिपंपाच्या विजेची वेळ रोज संध्याकाळी, आर्वी-हिंगणघाट-पुलगावचे कापसाचे भाव दुपारी बाराच्या आत, फवारणीच्या महिन्यांत दर तासाला सूचना, निवेदक वर्धा जिल्ह्यातलाच आणि मराठीत बोलणारा, आणि फर्माइशीत गावाचं नाव वाचलंच पाहिजे. स्पूलटेप, आकाशवाणीची जाहिरात संहिता खाजगी एफएमवरही पाळावी लागते का, ते तेवढं नीट लिहाल का?

स्पूलटेप:

हो, लागते. परवान्याच्या अटींतच आकाशवाणीची कार्यक्रम आणि जाहिरात संहिता पाळायची अट असते. सावकार, भविष्यवाला, तंबाखू या जाहिराती तिथे वाजल्या तर तारीख-वेळ लिहून ठेवा आणि मंत्रालयाकडे तक्रार करा. तुमच्या यादीत एक भर: मागण्या बोलणाऱ्यात शेतमजूर बाया असू द्या. वेचणीच्या दिवसांत सगळ्यात जास्त तास रेडिओ त्याच ऐकतात.